पाळणाघर सुरू करताय? आधी वही, मग डबा

पाळणाघराचं पहिलं वर्ष, एप्रिल संपत आलेला, दुपारचे अडीच. लातूरची ती वेळ म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. साडेतीन वर्षांच्या एका लेकराचा घोळणा फुटला. माझ्याकडे प्रथमोपचाराचा भलामोठा डबा होता, महिनाभरापूर्वीच हौसेनं घेतलेला. तो उघडला, कापूस काढला, लेकराची मान मागे टेकवली (हे चूक, पुढे सांगते) आणि नाक पुसत बसले. दोन मिनिटांनी मागं वळून बघते तर अडीच वर्षांची एक चिमुरडी प्लास्टिकचं स्टूल ओढत नेऊन पाण्याच्या पिंपावर पोटाशी वाकलेली. दोन्ही पाय हवेत. हातात माझा चहाचा कप, तो ती विसळत होती.

काही झालं नाही. पण त्या रात्री मला कळलं की डबा आणताना मी एकाच लेकराचा विचार केला होता. पाळणाघरात दुखापत एकाला होते आणि धोका बाकीच्यांना असतो. आपल्या घरात आपलं एक मूल सांभाळणं आणि चार घरची पाच लेकरं सांभाळणं यातला फरक तो हाच. म्हणून नव्यानं सुरू करणाऱ्या कुणी विचारलं की डब्यात काय काय ठेवू, तर मी आधी दुसरंच विचारते: तुम्ही एका लेकराला घेऊन दवाखान्यात पळालात तर बाकीच्यांजवळ कोण?

पहिलं काम: दुसरा माणूस

नवरा ऑफिसात, सासूबाईंचे गुडघे दुखतात, शेजारीण नोकरीवर. तरीही एक माणूस ठरवायलाच हवा, जो हाक मारल्यावर पाच मिनिटांत दारात येईल. माझ्यासाठी ती समोरची शिवणकाम करणारी बाई आहे. तिच्याशी स्पष्ट बोलले: मी शिट्टी वाजवली की मशीन बंद करून यायचं, काय झालं ते विचारत बसायचं नाही, लेकरांना आतल्या खोलीत घेऊन दार लोटायचं. तिला लेकरांची नावं पाठ आहेत आणि घरात कुठं काय आहे ते ठाऊक आहे. वर्षातून दोनदा तिच्या मुलीचा ड्रेस शिवायला मी कापड देते, एवढाच आमचा करार. शिट्टी मात्र खरंच घ्या, दहा रुपयांची. तोंडानं मारलेली हाक कूलरच्या आवाजात विरून जाते.

असा माणूस मिळत नसेल तर लेकरांची संख्या कमी ठेवा. दोन वर्षांखालची तीन बाळं एकटीनं सांभाळणं मला तरी झेपत नाही. ज्यांना झेपतं त्यांनी आग लागल्यावर दोन हातांत तीन बाळं कशी उचलणार ते एकदा करून बघावं.

दुसरं काम: वही

दोनशे पानी, पुठ्ठ्याची. प्रत्येक लेकराला एक पान. त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख, आईवडिलांचे आणि तिसऱ्या एका नातेवाइकाचा नंबर, नेहमीचे डॉक्टर, कशाची अॅलर्जी, पूर्वी झटके आले होते का, दमा आहे का, आणि वजन. वजन दर तीन महिन्यांनी नवीन लिहायचं, कारण लहान मुलांच्या औषधाचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो आणि घाबरलेल्या आईला फोनवर वजन आठवत नाही. लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स त्याच पानाला चिकटवा. जखम झाली की डॉक्टर पहिला प्रश्न धनुर्वाताच्या लशीचा विचारतात.

त्याच पानावर खाली आईवडिलांच्या सहीचं पत्र: तातडीच्या वेळी आमची वाट न पाहता लेकराला जवळच्या दवाखान्यात नेण्यास व उपचार सुरू करण्यास आमची संमती आहे. याला कायद्याचं फार मोठं कवच समजू नका. याचा खरा उपयोग असा की प्रवेशाच्या दिवशीच या विषयावर बोलणं होतं, आणि ‘आधी आम्हाला का नाही विचारलं’ हे नंतर ऐकावं लागत नाही. लेकराला न्यायला कोण कोण येऊ शकतं तेही इथंच लिहून घ्या.

तातडीच्या मदतीचे नंबर मात्र वहीत नकोत, भिंतीवर हवेत. दाराजवळ, जाड पेननं. ११२ हा सगळ्याचा एक नंबर. १०८ रुग्णवाहिकेचा, महाराष्ट्रात ती सेवा २०१४ पासून आहे. अग्निशमन १०१, गॅसगळतीसाठी १९०६. विषबाधेबद्दल विचारायला दिल्लीच्या एम्सचं केंद्र आहे, १८०० ११६ ११७. याच्याच खाली तुमचा स्वतःचा पत्ता लिहा. हसू नका. घाबरल्यावर माणूस स्वतःच्या गल्लीचं नाव विसरतो, आणि १०८ वाल्याला ‘पिठाच्या गिरणीच्या पुढं, मारुतीच्या देवळामागं, निळं गेट’ असंच सांगावं लागतं. समोरचा ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

एका निवांत दुपारी जवळच्या दोन-तीन दवाखान्यांत स्वतः जाऊन विचारून या: लहान मुलांचे डॉक्टर किती वाजेपर्यंत असतात, ऑक्सिजन आहे का, सर्पदंशावरचं प्रतिविष आणि कुत्रं चावल्याची लस आहे का. एकदा मी पत्ता पाठ असलेल्या दवाखान्यात लेकरू घेऊन गेले तर दुपारी एक ते पाच शटर खाली. शहरात सरकारी मेडिकल कॉलेज असेल (संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वाराती) तर तिथला अपघात विभाग कोणत्या गेटनं आहे तेवढं तरी बघून ठेवा.

तिसरं काम: घराची फेरी, गुडघ्यावर बसून

लेकराच्या उंचीवरून घर बघा. आपल्या भागात पहिली नजर पाण्यावर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या लातूरनं पाहिलं, त्या गावात पाणी साठवून ठेवू नका असं कुणाला सांगणार? नळ रोज येत नाही म्हणून घरोघरी पिंपं, टाक्या, जमिनीतला हौद. आणि चालायला लागलेल्या लेकराला बुडायला हौद लागत नाही. बादलीत वीतभर पाणी असलं तरी पुरतं, कारण त्याचं डोकं जड असतं, वाकलं की उलटं पडतं आणि पुन्हा वर येता येत नाही. आवाजही होत नाही. हौदाला कुलपाचं झाकण, पिंपाला घट्ट झाकण, वापरून झालेली बादली उपडी, न्हाणीघराला बाहेरून वरच्या बाजूला कडी. स्टूल, उलथी टोपली, उशांचा ढीग, म्हणजे ज्यावर चढता येईल असं काहीही पाण्याजवळ नको.

दुसरी नजर कूलरवर. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी लेकरू: मराठवाड्यातला उन्हाळा या तिघांना रोज एकत्र आणतो. अर्थिंग तपासून घ्या आणि इलेक्ट्रिशियनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवायला सांगा. खर्च होतो, पण मी डब्यातल्या सगळ्या सामानाच्या आधी तो केला असता. पाणी भरताना प्लग काढूनच भरायचं. कुणाला करंट लागलाच तर लेकराला हात न लावता आधी मेन स्विच.

फिनेल, अॅसिड, उंदराचं औषध, फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नाही. लेकरं बाटली ओळखतात, आतलं ओळखत नाहीत. काही प्यालंच तर उलटी काढायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही; बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना. रिमोटमधली, खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी गिळली असं नुसतं वाटलं तरी तसंच, शीतून निघेल म्हणून थांबायचं नाही. ती अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत आतून जाळते.

आता डबा

झाकण एका हातानं उघडेल असा, लेकरांच्या हाताला न येणारा पण कुलूप नसलेला. आत:

निर्जंतुक गॉजची पाकिटं दहा-बारा, रोलर बँडेज चार, एक क्रेप बँडेज, चिकटपट्टी, लहान पट्ट्या. नॉर्मल सलाइनची छोटी बाटली जखम धुवायला. पोव्हिडोन आयोडीन. बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोजे, डिजिटल थर्मामीटर (पाऱ्याचा नको, फुटतो). एक मोठी स्वच्छ सुती ओढणी, हात गळ्यात अडकवायला याहून चांगलं काही नाही. ओआरएसची पाकिटं, आणि एक लिटरची खूण केलेली बाटली. टॉर्च. पेन.

कापूस मी काढून टाकला, जखमेला त्याचे तंतू चिकटतात. औषधांबद्दल माझा नियम कडक आहे: पाळणाघराचं स्वतःचं एकही पोटात घ्यायचं औषध नाही. तापाचं औषध आईनं द्यायचं, लेकराच्या नावाची चिठ्ठी लावून, किती मिली आणि शेवटचा डोस कधी दिला ते लिहून; संध्याकाळी बाटली परत. कारण पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिलीत १२० मिलिग्रॅमचंही येतं आणि २५० चंही, आणि थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलीत १००. एका घरचा चमचा दुसऱ्या घरच्या बाटलीला लावला की डोस दुप्पट. खोकल्याचं सिरप तर आईनं दिलं तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी घेत नाही.

हातांना काय यायला हवं

डबा उघडायच्या आधीच काही गोष्टी संपलेल्या असतात. घशात अडकणं त्यातलं पहिलं. हुरड्याच्या दिवसांत, हरभऱ्याच्या डहाळ्यांच्या दिवसांत, सीताफळाच्या दिवसांत घरून डब्यात काहीही येतं. शेंगदाणे, फुटाणे, आख्खी द्राक्षं, बोरं, सीताफळाच्या बिया पाच वर्षांखालच्यांना नाहीत. द्राक्ष उभं चार तुकडे करून, दाणे कूट करून.

लेकरू जोरात खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्या, पाठीत मारू नका. आवाजच निघत नसेल, ओठ काळपट पडायला लागले असतील, तर: वर्षाखालचं बाळ आपल्या हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, हनुवटीला बोटांचा आधार. तळहाताच्या टाचेनं दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, दोन बोटांनी पाच दाब. निघेपर्यंत हेच आलटून पालटून. वर्षावरच्याला पुढं वाकवून तशाच पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच झटके. तोंडात दिसत नसताना बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. बेशुद्ध पडलं तर जमिनीवर ठेवून छातीवर ३० दाब, दोन श्वास, आणि १०८ चा फोन स्पीकरवर.

हे वाचून येत नाही. मला आलं नव्हतं. रेडक्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्सच्या वर्गात पुतळ्यावर दाबून पाहिलं तेव्हा कळलं की मी किती हलकं दाबत होते. छाती एक तृतीयांश खाली जायला हवी. एक दिवसाची रजा टाका, आणि तो समोरचा दुसरा माणूसही सोबत न्या.

भाजलं तर पाणी, २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. आपल्याकडं अडचण ही की नळाला पाणी नसतं. म्हणून माझ्या स्वयंपाकघरात वीस लिटरची एक बादली झाकून राखीव असते, तिला घरातलं कुणी हात लावत नाही. तांब्यानं बारीक धार धरली तर मिनिटाला साधारण लिटरभर जातं, म्हणजे वीस मिनिटांना बरोबर एक बादली. हे मी मोजलंय. कपडा चिकटला असेल तर ओढू नका, बाकी अंग कोरडं आणि उबदार ठेवा, मग गॉज किंवा धुतलेली सुती ओढणी सैल झाकून दवाखाना.

तापात झटका आला तर लेकराला जमिनीवर कुशीवर झोपवा, आजूबाजूचं सामान बाजूला करा आणि घड्याळ बघा. बस, एवढंच करायचं असतं आणि एवढंच सगळ्यांत अवघड असतं. माझ्याकडे एकदा असं झालं तेव्हा न्यायला आलेली आजी दारातच ओरडली, “अगं माय! ताई, कांदा हुंगवा की, दातात चमचा घाला!” मी म्हटलं, “आजी, तुम्ही घड्याळाकडं बघा आणि मला दर मिनिटाला सांगा.” त्यांना काम मिळालं. दोन मिनिटांत झटका थांबला. पाच मिनिटांच्या पुढं गेला, श्वास नीट नसला, किंवा आयुष्यातला पहिलाच झटका असला तर १०८. थांबला तरी डॉक्टर त्याच दिवशी.

घोळणा फुटला तर मान पुढं, मागं नाही. नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही. लेकराला तोंडानं श्वास घ्यायला सांगायचा.

कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, आणि त्याच दिवशी लस. जखमेत तिखट, चुना भरणारे अजून भेटतात, त्यांना दारातच थांबवा.

विंचू हा मात्र आमच्या भागातला विषय आहे. दगडमातीची जुनी घरं, अंगणातलं सरपण, कोपऱ्यातले बूट. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा नुसती कळ मारते, लहान लेकराचं हृदय तो थांबवू शकतो. घाम, उलटी, लाळ, हातपाय गार पडणं ही वाईट खूण. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड भागात काम करताना प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली, तेव्हापासून कितीतरी लेकरं वाचली. ही गोळी डॉक्टरनं द्यायची, आपण नाही. आपलं काम लवकर पोहोचवण्याचं. लक्षणं दिसायची वाट बघत बसू नका, विंचू उतरवणाऱ्याकडं तर नाहीच नाही. साप चावला तरी तेच: वर दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. पायातला वाळा काढा, तो पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, लेकराला चालवू नका. साप मारायला गेलेली माणसं वेळ घालवतात आणि स्वतः चावून घेतात.

उन्हाळा आणि जुलाब

मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो. लाईट गेली की पत्र्याखालची खोली लेकरांसाठी तासाभरात धोक्याची होते, तेव्हा तळमजल्याची, झाडाखालची जागा आधीच ठरवून ठेवा. अंग तापलंय, लेकरू मलूल, नीट बोलत नाही, तर कपडे काढा, अंगभर साधं पाणी शिंपडा, वारा घाला, आणि निघा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

ओआरएसचं एक लिटरचं पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट असा अंदाज नको, खारट झालं तर उलट त्रास. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्या चमच्यानं पाजा. आठ तासांत लघवी नाही, डोळे खोल, रडताना पाणी नाही, शौचात रक्त, तर घरी उपाय करत बसू नका.

बाहेर पडायची वेळ

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीच्या भूकंपाचा हा आकडा आमच्याकडं लहान मुलांनासुद्धा पाठ असतो. त्या पहाटे माणसं मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदांनी (मातीच्या सपाट छतांनी). २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली भागातून धक्के आले, तेव्हा परभणी-नांदेडपर्यंत लोक बाहेर पळाले. म्हणून घर घेतानाच बघा: जुन्या माळवदाच्या खोलीत पाळणाघर नको. कपाटं भिंतीला ठोकून घ्या, पाळणा कपाटाच्या आणि काचेच्या जवळ नको. हादरा चालू असताना लेकरांना पोटाशी घेऊन भक्कम टेबलाखाली, थांबल्यावर बाहेर.

बाहेर पडायचा सराव आम्ही महिन्यातून एकदा करतो, खेळ म्हणून. जुन्या नऊवारीला दीड-दीड हातावर गाठी मारल्या आहेत, प्रत्येक गाठ एका लेकराची. शिट्टी झाली की गाठ धरायची आणि झुकझुक गाडी गेटबाहेरच्या लिंबापर्यंत. पहिल्यांदा साडेचार मिनिटं लागली, दोघं चपला शोधत होते. आता दीड मिनिट. चालता न येणारं बाळ माझ्या कमरेला, दुसरं समोरच्या बाईच्या. बाहेर गेल्यावर वहीतून हजेरी, म्हणून वही दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. आकाश गडगडत असेल तर मात्र लिंबाखाली नाही. वीज पडण्याचा अंदाज पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅप देतं, ते मोबाइलवर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास अंगणात सोडायचं नाही, लेकरं कितीही रडली तरी.

दर महिन्याच्या एक तारखेला मी डबा ओतून बघते. मुदत संपलेलं काढायचं, टॉर्च लावून बघायची, ओल्या हवेत गॉजच्या पाकिटांची कड सुटली का ते बघायचं. सगळ्यांत आधी संपतात त्या लहान पट्ट्या, कारण एकाला लावली की चौघांना ‘बाऊ’ होतो आणि चौघांनाही ती लावावी लागते. आणि कात्री कधीच जागेवर नसते. ती बहुतेक समोरच्या शिवणाच्या मशीनवर सापडते.